चार विटांची गाडी

मी जन्मात एकच गाडी बनवली. बाकी जे बनवले ते टेम्पो.

फरक सांगतो. टेम्पोत माल बसतो, गाडीत माणूस बसतो. माल कुरकुर करत नाही, पाय दुखतात म्हणत नाही, खिडकी उघड म्हणत नाही. टेम्पो बनवायला हातोडा पुरतो. गाडी बनवायला हातोडा लागतो आणि घरच्या बायामाणसांचं ऐकून घ्यायची सवयही लागते. ही दुसरी गोष्ट मला जरा उशिरा आली, पण आली.

मी भटू मिस्त्री. साक्रीकडचा खानदेशी, आणि गेली पंचेचाळीस वर्षं सुरतेजवळच्या कडोदऱ्याचा. इथल्या आमच्या खानदेशी मंडळाच्या दिवाळी अंकात माझ्यासारख्या पत्रा ठोकणाऱ्याने लिहावं, हा हट्ट मंडळातल्या पोरांचा. त्यांना म्हटलं, बाबांनो, मी आयुष्यभर पत्र्यावर खडूने लिहिलं आणि संध्याकाळी फडक्याने पुसलं. ते म्हणाले, काका, या वेळी पुसू नका. तर लिहितो. न पुसता लिहायचं म्हणजे एक खोटं कबूल करावं लागेल, तेही करतो.

आधी धंदा समजून घ्या. लोकांना वाटतं टेम्पो कंपनीतून आख्खा येतो. छे! कंपनीतून येते ती चासी. म्हणजे दोन लांब लोखंडी चॅनल, चार चाकं, इंजिन आणि स्टिअरिंग. ना छप्पर, ना दार, ना काच. ड्रायव्हर एका फळीवर बसून, तोंडाला टॉवेल गुंडाळून, डोळ्यांना गॉगल लावून ती शेकडो मैल हाकत आणतो. त्या उघड्यावाघड्या सांगाड्याला अंग द्यायचं ते आम्ही. अँगल उभे करायचे, पत्रा चढवायचा, दारं बसवायची, रंग द्यायचा. शिंपी माणसाला कपडे शिवतो, आम्ही चासीला शिवतो, एवढंच.

आणि माप. इंचाच्या आठव्या भागाला आम्ही सूत म्हणतो. मिस्त्रीची सगळी अब्रू त्या सुतात. दार एक सूत बाहेर आलं की गिऱ्हाईक बोट घालून दाखवतं. आणि बॉडी जर मधून एक सूत खाली बसली, वाकली, तर बाकीचे मिस्त्री चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, नाव घेऊन हसतात. ‘भटूच्या बॉडीने सूत सोडलं’ असं कुणी म्हटलं असतं ना, तर मी हातोडा टाकून गावी बकऱ्या राखायला गेलो असतो. अतिशयोक्ती नाही. असाच होतो मी.

सुरतेच्या कापडवाल्या गिऱ्हाइकांचा प्रश्न एकच असायचा, "मिस्त्री, कितना लेगी?" कागदावर सरकारने किती वजन लिहिलंय ते कुणी विचारत नसे. सुरतेजवळच्या सचिन गावचा एक कापडाचा दलाल होता, गोविंदभाई. टेम्पो ताब्यात घ्यायच्या आधी तो आमच्याच दारात कापडाचे ताके भरायला लावायचा. चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे सरळ होईपर्यंत भरायचा, मग स्वतः वर चढून बसायचा. चांगला मजबूत देह होता त्याचा. वरून ओरडायचा, "मिस्त्री, हजु लेगी?" अजून घेईल का? आणि मी खालून माझं ठरलेलं वाक्य फेकायचो, "आप भरते थकोगे शेठ, ये लेते नहीं थकेगी!"

हे वाक्य म्हणजे माझी पाटी होती. गिऱ्हाईक खूश, मी खूश. पुढे बारडोलीच्या रस्त्यावर एक्सल तुटून गोविंदभाईचा टेम्पो आडवा झाला, कुणाला लागलं नाही म्हणून बरं. पण तेव्हाही आम्ही एक्सलला शिव्या दिल्या, स्वतःला नाही. आज तसं कुणी भरायला आलं तर मी शटर ओढून घेईन. तेव्हा मात्र जास्त भरणं हाच गाडीचा गुण वाटायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जेरामभाई. आमच्या वर्कशॉपचे मालक, शेठ. काठियावाडचे पटेल. माणूस सरळ, आवाज मोठा. त्यांचं घर म्हणजे तीन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, आणि सगळ्यांच्या वर बा. बा म्हणजे शेठची आई. बा सत्तरीच्या, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

एकदा त्यांच्याकडचं लग्न होतं भावनगरकडे. सगळं घर दोन गाड्यांतून निघालं. थेपल्यांचा डबा एका गाडीत, लोणचं दुसरीत. नवरीचे दागिने पुढे, किल्ली मागे. वाटेत दोन्ही गाड्यांची चुकामूक झाली आणि बा चार तास एका पंपावर बसून राहिल्या, कारण एकदा उतरल्यावर त्यांना परत गाडीत चढवायला तीन माणसं लागायची आणि ती तिन्ही दुसऱ्या गाडीत होती. लग्नाहून परतल्यावर शेठ वर्कशॉपात आले, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "मिस्त्री, एक घर, एक गाडी. बनवशील?"

शेठ माझ्याशी गुजरातीत बोलायचे, मी मराठी-हिंदीचं कडबोळं करून उत्तर द्यायचो. इथे बहुतेक मराठीतच लिहितो.

मी म्हटलं, "टेम्पोला सीटा टाकून देतो की."

"टेम्पो नको. बाला चढता आलं पाहिजे. कुणी हात न धरता."

तेव्हा आठ जणांचं घर आरामात बसेल अशी घरगुती गाडी आमच्या बाजारात कुणी बनवत नव्हतं. एक तर चौघांची मोटार, नाही तर मिनीबस. मधलं काही नाही. आता तुम्ही रस्त्यावर उभे राहा, दर दहावी गाडी तशीच. सरकतं दार, तीन ओळी सीटा, मागे सामान. मला ती दिसली की मी ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा बघतो.

सुरुवात केली विटांपासून. शेठच्या अंगणात मी सहा विटा एकावर एक रचल्या, वर फळी टाकली आणि म्हटलं, "बा, चढा." बांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच एक वीट काढली. पाचला बांनी पाय उचलला आणि मला काठियावाडी शिवी दिली. चारला मात्र त्यांनी एका हाताने साडी धरली, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला आणि चढल्या. कुणी धरलं नाही. वर उभ्या राहून म्हणाल्या, "बस. एनाथी ऊंचुं नहीं." याच्याहून उंच नाही.

चार विटा म्हणजे एक फूट. संपूर्ण गाडीचं हेच माप. बाकी सगळं याच्या मागून आलं.

चासी मात्र एवढी खाली कुठून आणायची? छोट्या टेम्पोची चासी घेतली, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधला भाग कापून खाली उतरवला. दोन्ही बाजूंचे चॅनल, कचाकच कापले. कंपनीने एकसंध दिलेलं लोखंड कापायचं म्हणजे छाती लागते. शेठ त्या दिवशी वर्कशॉपात थांबलेच नाहीत, देवळात जाऊन बसले. मी जोडांवर आतून-बाहेरून पट्ट्या मारल्या, वेल्डिंग असं केलं की बोट फिरवलं तर शिवण लागू नये. खालून इंजिनचा शाफ्ट मागे जातो, त्याच्यावर मधोमध लांब उंचवटा राहिला. मला तो दोष वाटला. माझी बायको सुमन बघायला आली तेव्हा म्हणाली, "अहो, हा तर डबे ठेवायला ओटाच झाला की." मग त्याच्यावर मी पातळ कठडा लावला. डबे घसरू नयेत म्हणून.

उघडणारं दार बाजारातल्या गल्लीत उघडतच नाही, हे टेम्पोवाल्याला सांगायला नको. म्हणून डाव्या बाजूला सरकतं दार केलं. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडचा दरवाजा रुळावर सरकतो ना, तसाच रूळ, आणि त्याला लूमच्याच जुन्या बेरिंगा. एका बोटाने सरकायचं. छपराच्या दोन पत्र्यांमध्ये लूमवरचा वाया गेलेला धागा दाबून भरला. मे महिन्यात त्या गाडीत बसा, डोकं तापायचं नाही. मधल्या ओळीत दोन सीटा, सुट्या, फिरणाऱ्या. चालताना पुढे तोंड, उभी केली की मागे वळून सगळे समोरासमोर. ते फिरणं जमेना, तेव्हा मी कडोदरा नाक्यावरच्या न्हाव्याकडून त्याच्या दोन जुन्या खुर्च्यांचे पाय आणले. शेठना सांगितलं नाही. ते पहिल्यांदा बसून गरकन फिरले आणि म्हणाले, "मिस्त्री, दाढीपण करशील काय?" कळलं होतं त्यांना.

पुढे तीन, मधे दोन, मागे तीन. आठ माणसं. रंग दुधी, खाली चॉकलेटी पट्टा.

गाडी रस्त्यावर आली आणि लोक सिग्नल विसरून बघायला लागले. शेठच्या डोक्यात मोठं खूळ बसलं. "मिस्त्री, ही एक बनवून थांबायचं नाही." त्यांनी गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला फोटो पाठवले, ओळखी लावल्या, आणि खरंच उत्तर आलं. कंपनीचे साहेब बघायला येणार. पसंत पडली तर चासी ते बनवणार, त्यांच्या कारखान्यात तशीच खाली उतरवलेली, आणि अंग आम्ही द्यायचं. शेठनी सचिनला शेडसाठी जागा हेरून ठेवली.

आणि मी? मी माझ्या मोठ्या भावाला शब्द दिला. रतनभाऊ लूमवर होता, बारा-बारा तास. त्या खडखडाटात त्याचे कान जायला लागले होते. वहिनी दोनदा हाक मारायची तेव्हा तो एकदा बघायचा. मी म्हटलं, "भाऊ, थांब थोडं. शेड सुरू झाली की पहिला माणूस तू. सीटा शिवायच्या, शांत काम." तो फक्त हसला, पण त्या हसण्यात किती काय होतं ते मलाच माहीत.

साहेब यायला महिना होता आणि मधे आखाजी आली. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि आमच्याकडे दिवाळीहून तीच मोठी. सासरी गेलेली प्रत्येक लेक आखाजीला माहेरी येते. झाडांना झोके बांधतात, बाया गाणी म्हणतात, घरोघरी सांजोऱ्या. सुरतेतून तर सगळा खानदेश उठतो.

शेठ म्हणाले, "मिस्त्री, घेऊन जा गाडी गावी. लांबची ट्रायल होईल. पण आठच माणसं हं!"

आठच निघालो. मी, सुमन, माझी दोन पोरं, माझी माय, रतनभाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी. माय गाडीत पाय ठेवून आत आली, इकडेतिकडे बघितलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "भटू, आठे त घरमा उनासारखं वाटस." इथे तर घरात आल्यासारखं वाटतं. मला त्या एका वाक्यात सगळी मजुरी मिळाली.

कडोदरा नाक्यावर आमच्या गावच्या तीन लेकी उभ्या. पेट्या, पिशव्या, कडेवर पोरं. सकाळपासून एकही बस थांबत नव्हती, सगळ्या खचाखच. त्यांच्यातली कल्पना, आमच्या गल्लीतली, मला बघून धावलीच, "भटूभाऊ, मालेबी लई चाल ना!" मलाही घेऊन चल. आता गावची लेक म्हणजे कोण? गावच्या प्रत्येकाची बहीण. आखाजीला निघालेल्या बहिणीला रस्त्यात सोडून काच वर करून जायचं, हे आमच्यात कुणाला जमलंय? मी थांबायच्या आधी मायने दार सरकवलं होतं. म्हटलं ना, एका बोटाने सरकायचं.

तीन आल्या. बारडोलीला चार भेटल्या. व्याऱ्याला दोन. सोनगडला गाडी पाणी प्यायला थांबली तिथे आणखी दोन, त्यांतली एक रडत होती, भावाने न्यायला यायचं कबूल केलं होतं आणि आला नाही. गावच्या अकरा लेकी, आम्ही आठ. एकोणीस. कुणी खाली बसलं, कुणी ओट्यावर, मधल्या दोन सीटा मागे फिरवून समोरासमोर मांडीला मांडी. सगळं सामान छपरावर.

नवापूर गेलं आणि पुढे कोंडाईबारीचा घाट आला. मी मनात म्हटलं, बाई गं, आता तुझी आणि माझी परीक्षा. पहिल्या गिअरमध्ये घातली. मागे अकरा जणी आखाजीची गाणी म्हणत होत्या, टाळ्या पिटत होत्या, आणि माझे कान सगळे खालच्या जोडांकडे. एकदाही कुरकुरली नाही. वर पोहोचलो तेव्हा मी गाडी थांबवली, खाली उतरलो आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. सुमन म्हणाली, "काय झालं?" काही नाही म्हटलं. डोळ्यांत पाणी होतं, गाडीला पाणी घालतोय असं दाखवलं.

येताना आठच आलो. कडोदऱ्याला परतल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर गाडीखाली शिरून सूतपट्टी लावली.

डावीकडे, सरकत्या दाराच्या बरोबर खाली, गाडी बसली होती. एक सूत.

दारासाठी तिकडची बाजू मोकळी सोडली होती, म्हणून. कारण मला लगेच कळलं. पण कारण कळल्याने लाज कमी होत नाही. भटूच्या बॉडीने सूत सोडलं! मी इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. जॅक लावला, बाजू वर घेतली, आतून एक जादा पट्टी मारली, घासली, रंग दिला. दोन तासांत काम फत्ते. कुणाला सांगितलं नाही. शेठना नाही, रतनभाऊला नाही, सुमनलाही नाही.

साहेब आले. कर्णिक आडनावाचे, पन्नाशीचे, बारीक आवाजाचे. शेठनी मला आदल्या दिवशीच ताकीद दिली होती, "मिस्त्री, तारे मोढुं बंद राखवानुं. तोंड बंद ठेवायचं. जे बोलायचं ते मी बोलेन." मी मान हलवली होती.

साहेबांनी गाडी बघितली. दार दहा वेळा सरकवून बघितलं. फिरत्या सीटवर बसले आणि हसले. बांना मुद्दाम आणलं होतं, त्या साडी धरून चढल्या आणि राणीसारख्या बसल्या. साहेबांनी चार विटांची गोष्ट ऐकली आणि वहीत लिहून घेतली. सगळं इतकं छान चाललं होतं की बास. तेवढ्यात ऑफिसात शेठचा फोन वाजला आणि ते आत गेले.

साहेब गाडीखाली वाकले आणि मला विचारलं, "मिस्त्री, तुम्ही कुठले?" मराठीत!

अहो, कडोदऱ्यात कारखान्याचा साहेब मराठीत बोलतोय. मी विरघळलोच. साक्री म्हटलं. ते म्हणाले, माझं आजोळ धुळ्याला. झालं. पाच मिनिटांत आम्ही भरीत-भाकरीवर पोहोचलो. मग त्यांनी सहज विचारलं, "ट्रायल कुठवर घेतली?"

"कोंडाईबारी चढवली साहेब."

"भरून?"

आणि माझ्या तोंडातून ती पाटी निघाली. "भरून? एकोणीस माणसं होती साहेब! आपण भरून थकाल, ही घेऊन थकायची नाही!"

साहेब खालून बाहेर आले. गुडघे झटकले. "आठ सीटांच्या गाडीत एकोणीस?"

मला वाटलं ते खूश झाले. गोविंदभाई व्हायचा तसे. "हो तर! घाटात पहिल्या गिअरवर."

"मग बसली असेल थोडी. किती बसली?"

इथे मी थांबायला हवं होतं. खरं बोलायला हवं होतं. पण समोर साहेब, मागे वर्कशॉपातली सहा माणसं कान देऊन उभी. मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, "माझी बॉडी? एक सूतही नाही!"

साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. रागाने नाही. मग वही मिटली. शेठ बाहेर आले, चहा झाला, साहेबांनी बांना वाकून नमस्कार केला आणि गेले.

दोन महिन्यांनी पत्र आलं. इंग्रजीत होतं, शेठनी पुतण्याकडून वाचून घेतलं. मी दारात उभा होतो. शेठनी पत्र घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "ना पाडी. नाही म्हणाले. वजनाची भीती वाटते म्हणे त्यांना." बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून परत टेम्पो. सचिनची जागा दुसऱ्या कुणी घेतली. रतनभाऊला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे रे," आणि शिफ्टला गेला. आता त्याला काहीच ऐकू येत नाही. वहिनी पाटीवर लिहून विचारते, चहा देऊ का. मी त्याच्याकडे गेलो की मला ती पाटी बघवत नाही.

ही गाडी शेठच्या घरी वीस वर्षं चालली. लग्नं, बाळंतपणं, बांच्या जत्रा, सगळं तिच्यात. तिची दुसरी कधी झाली नाही. नंतर परदेशी, देशी, सगळ्या कंपन्यांनी तशाच गाड्या आणल्या. लोक म्हणायचे, मिस्त्री, तू तर आधीच बनवली होती! मी ऐटीत म्हणायचो, हो, बनवली होती.  पण कंपनीचं काम माझ्या तोंडामुळे गेलं, हे मला माहीत होतं. शेठना माहीत नाही, असं मी तीस वर्षं समजून चाललो.

परवा दसऱ्याआधी कामरेजला शेठच्या वाडीवर गेलो. शेठ आता पंच्याऐंशीचे. बांसारखेच गुडघे गेलेत. घरासमोर नातवाची नवी गाडी उभी होती, उंच, काळी. शेठ म्हणाले, "ही मला चढत नाही. दोन जण धरतात." आणि काठी टेकत मला मागे घेऊन गेले.

आंब्याखाली आमची गाडी उभी होती. चाकं गेलेली, खाली लाकडी ठोकळे लावलेले, रंग उडालेला. पण पायरी बरोबर चार विटा. शेठनी मोजून ठोकळे लावून घेतले होते. त्यांनी काठी माझ्या हातात दिली, धोतर एका हाताने धरलं, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला आणि चढले. कुणी धरलं नाही. आत जाऊन न्हाव्याच्या खुर्चीवर बसले, मला समोर वळवलेल्या दुसऱ्या खुर्चीवर बसवलं.

माझा धीर सुटला. म्हटलं, "शेठ, एक सांगायचंय. तुम्ही फोनवर होता तेव्हा मी त्या साहेबाला..."

"एकोणीस म्हणालास," शेठ म्हणाले. "पत्रात लिहिलं होतं सगळं."

मी हातातली काठी त्यांना परत दिली.

"लिहिलं होतं, आठांची गाडी बनवली तर लोक एकोणीस भरतील. एकोणिसांसाठी मजबूत केली तर पायरी उंच होईल आणि म्हातारीला चढता येणार नाही. साहेबाचं चुकलं नव्हतं, मिस्त्री."

"मग मला तेव्हाच हाकललं का नाहीत?"

"हाकलणारच होतो! घरी गेलो, बाला सांगितलं, तुझ्या लाडक्या मिस्त्रीने आठांच्या जागी एकोणीस भरले आणि साहेबाला जाऊन सांगितलं. बाने विचारलं, वधाराना कोण हता? जास्तीचे कोण होते? मी म्हटलं, आखाजीला गेला होता, त्याच्या गावच्या लेकीच असणार, माहेरी चाललेल्या. बा काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, तो पछी गाडी पास. मग तर गाडी पास." शेठ हसले, डोळे पुसले. "बाने पास केली, मग मी तुला काय बोलणार?"

मलाही राहवलं नाही. आम्ही दोघं म्हातारे त्या चाकं गेलेल्या गाडीत समोरासमोर बसून रडलो, खोटं कशाला सांगू. मन हलकं झालं. म्हटलं, आता निघालंच आहे तर तळापर्यंत जाऊ दे.

"शेठ, एकोणीस नव्हते. बावीस होते. तिघी जणींच्या मांडीवर पोरं होती. मांडीवरची आम्ही धरत नाही."

"बावीस!" शेठनी काठी आपटली. "अने गाडी नमी नहीं?"

"नमली होती शेठ. एक सूत. डावीकडे, दाराखाली. मी कुणाला न सांगता पट्टी मारून टाकली. साहेबांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो."

शेठ हसायचे थांबले. खाली वाकून दाराखालच्या पत्र्यावरून बोट फिरवलं, त्या माझ्या पट्टीवरून. बराच वेळ फिरवत राहिले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "पत्रात शेवटी आणखी एक ओळ होती. मिस्त्री म्हणतो, एकोणीस माणसांत गाडी जराही बसली नाही. असं लोखंड नसतं. खरं माप मिळालं असतं, तर पुढची तपासणी केली असती."

मीही वाकून त्या पट्टीवर बोट ठेवलं.

"कापलेली चासी, बावीस माणसं, कोंडाईबारीचा घाट, आणि फक्त एक सूत," शेठ हळू आवाजात म्हणाले. "अरे गांडा, अरे वेड्या, हे सांगायचं होतं ना त्याला!"

सीट अजून फिरत होती, तेल न घालताही. मी ती बाहेरच्या बाजूला वळवली आणि आंब्याकडे बघत बसलो.